सफारी त्यांची, बेट माझं

१२ जून, शुक्रवार

चार बेटांतून एक निवडायचं होतं आणि मी तासभर पंख्याखाली बसून नुसती मान हलवली! प्रवास कंपनीतली बाई (मी तिला मनात प्रवासवालीच म्हणते) एकेक पुस्तिका पुढे सरकवत होती. शेजारी बसून सासूबाई प्रत्येक चित्राला नाक मुरडत होत्या.

करार साधा आहे. सफारी त्यांची, बेट माझं. तीस वर्षं टीव्हीवर सिंह बघितले, आता खरा बघायचाय, असं त्यांनी जाहीर केलं. वय अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, चला, पण शेवटी मला समुद्र हवा. "चालेल की," म्हणाल्या, "अंगावरची धूळ धुवायला बरा पडेल."

बेटांची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. जोडप्यांचं बेट: सगळ्या चित्रांत दोन खुर्च्या, दोन पेले, चार पाय. बाजाराचं बेट: जुनं गाव, गल्ल्या, मागे कुठेतरी समुद्र. कासवांचं बेट: आधी लहान विमान, मग त्याहून लहान बोट, तिथे फोन लागत नाही. आणि एक ओहोटीचं. तिथे दिवसातून दोनदा समुद्र इतका मागे जातो की पोहायला आलेले हात चोळत बसतात. हे शेवटचं दाखवताना प्रवासवालीचाच उत्साह मावळला. "हे आपलं असंच," म्हणाली आणि खाली सरकवलं.

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला करायचाय ते तिला सांगता येत नव्हतं.

१४ जून, रविवार

इथे तरी लिहून टाकते. मला पोहायला बेट नकोय. सांगायला हवंय.

कुलूपवाल्याने मला लग्नाचं विचारलंय, त्याला आता तीन महिने होतील. सासूबाईंना पत्ता नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर घरात आम्ही दोघीच. मूल नाही, त्यांनाही दुसरं कुणी नाही. सकाळचा चहा त्या करतात, संध्याकाळचा मी. एवढ्याशा स्वयंपाकघरात मी ही गोष्ट कशी सांगू? तिथे तर कोपर हलवलं तरी एकमेकींना लागतं.

म्हणून बेट. तिथे सांगायचं. पण कुठल्या? जोडप्यांच्या बेटावर शक्यच नाही, ती तर जखमेवर मिठाची गोणी. कासवांच्या बेटावर सांगितलं आणि त्या रुसल्या, तर जाणार कुठे बिचाऱ्या? फोनसुद्धा नाही! बाजाराच्या बेटावर चारचौघांत आवाज चढवणार नाहीत, हे खरं. पण गर्दीच्या आडोशाने सांगायचं, म्हणजे मी कसली माणूस?

१५ जून, सोमवार

दातांच्या लॅबमध्ये दिवसभरात तीन कवळ्या मेणात बसवल्या. एकीचाही पुढचा दात सरळ बसेना. डोकं बेटावर!

१९ जून, शुक्रवार

कुलूपवाला लॅबवर आला होता. निमित्त नेहमीचंच: कुलपाला तेल.

आमची ओळखच त्या कुलपामुळे. मागच्या वर्षी लॅबच्या दारात किल्ली तुटली. आत सोळा जणांचे दात अडकलेले, आणि बाहेर एक आजोबा तोंडावर रुमाल धरून ताटकळत उभे! हा आला, दहा मिनिटांत दार उघडलं आणि आजोबांना म्हणाला, "आता हसा." त्यानंतर कुलूप एकदाही बिघडलं नाही, तरी हा तेल घालायला येतोच. माझी मदतनीस म्हणते, "बाई, एवढ्या तेलात भजी तळून झाली असती."

घाई करत नाही, हेच मला आवडतं. आज एवढंच विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, बेट ठरत नाहीये. त्याने कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले. मग म्हणाला, "ज्याला उघडायचंच नाही ना, तो किल्ल्याच निवडत बसतो."

राग आला. खरं बोलला म्हणून जास्त आला.

२५ जून, गुरुवार

प्रवासवाली वैतागली. बाजाराचं आणि ओहोटीचं अशी दोन बेटं तिने धरून ठेवलीत. कासवांचं भरलं. जोडप्यांचं मीच नको म्हटलं. "सफारीच्या सहाव्या दिवसापर्यंत फोन करा. त्यानंतर मी काही करू शकणार नाही." म्हणजे १४ जुलै.

बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जोडप्यांचं का नको? आपण दोघी जोडपंच आहोत की!" आणि स्वतःच खूश होऊन हसल्या. मी बसची वाट बघण्यात फार गुंतल्यासारखं केलं.

३ जुलै, शुक्रवार

बॅगा मऊच हव्यात, लहान विमानात कडक चालत नाहीत. सासूबाईंनी त्यांची जुनी पेटी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "ही मऊ नाही, पण समजूतदार आहे." शेवटी माझ्या पिशवीत त्यांचं निम्मं सामान आलं. जादाची कवळी मी रुमालात गुंडाळून घेतलीय. त्यांची कवळी मीच बनवलेली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत जमलेलं सर्वांत उत्तम काम! त्यांचं हसू मीच घडवलंय, असं मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं. "आणि चावणं?" म्हणाल्या.

९ जुलै, गुरुवार

पोचलो! तंबू म्हणजे कापडाची खोलीच. पलंग, आरसा, दाराला लांबलचक चेन. सासूबाईंनी ती आठ वेळा उघडून-लावून बघितली. "सिंहाला चेन उघडता येते का हो?" आमच्या वाटाड्याला विचारलं. तो गाडीही चालवतो आणि माहितीही देतो. अगदी गंभीरपणे म्हणाला, "अजून शिकला नाहीये, आजी."

१० जुलै, शुक्रवार

जिराफ. झेब्रे. पाण्यात डोळेच तेवढे वर ठेवून बसलेले पाणघोडे. सासूबाई फोनवर बोलावं तशा त्यांच्याशी बोलतात, "हां, बोला." एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या, ती सवय. दुर्बीण काही केल्या सोडत नाहीत. दुपारी जेवताना म्हणाल्या, "मी आता मेले तरी चालेल." आणि लगेच, "पण सिंह बघून."

इतक्या खूश आहेत. बेटावरही सांगावंसं वाटेना.

११ जुलै, शनिवार

सांगून टाकलं. बेटावर नाही. सिंहांसमोर!

सकाळी नऊच्या सुमाराला वाटाड्याने गाडी एका झाडाजवळ उभी केली. सहा सिंहिणी आणि एक सिंह. फार तर आठ-दहा पावलांवर. सगळे आडवेतिडवे झोपलेले. वाटाड्या कुजबुजला, "उतरायचं नाही, उभं राहायचं नाही, आवाज करायचा नाही." आणि थर्मासमधला चहा ओतून दिला.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "माझा मुलगा असता, तरी त्याने आणलं नसतं. तू आणलंस. मी आहे तोवर तुला कुणी नको, आणि तू आहेस तोवर मला."

हे ऐकून गप्प बसले असते तर ते खोटं बोलणंच झालं असतं. मी म्हटलं, "आई, मला एकाने लग्नाचं विचारलंय."

हात काढून घेतला नाही. नुसता सैल झाला.

"कुणी?"

"आपल्या लॅबचं कुलूप उघडलं होतं, ते."

"कधी?"

"मार्चपासून."

"मार्च!" आवाज चढला. एका सिंहिणीने डोकं उचललं. वाटाड्याचा हात गाडीच्या किल्लीवर गेला. सासूबाई एकदम कुजबुजीवर आल्या, पण कुजबुजही किती धारदार असू शकते! "चार महिने माझ्या हातचा चहा पितेस आणि तोंडातून शब्द नाही? म्हणून ही सफारी? म्हणून हे बेट? बोकडाला हार घालून मिरवतात, तसं?"

मी म्हटलं, तसं नाही. "मग कसं?" खाली उतरून जाता येईना, मोठ्याने रडता येईना. सिंहिणीने जांभई दिली आणि पुन्हा डोकं टाकलं. आम्ही तिघं अर्धा तास तसेच बसून होतो. चहा गार झाला.

परतताना सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, वाटाड्याशेजारी. माझ्याकडे पाठ.

१२ जुलै, रविवार

"सूनबाई, साबण." "सूनबाई, टोपी." दिवसभरात एवढंच. सूनबाई म्हणतात तेव्हा समजायचं, पारा चढलाय. एरवी मी 'अगं' असते.

हत्ती बघितले. पण दोघींनी वेगवेगळ्या बाजूंना बघितले.

१३ जुलै, सोमवार

सकाळी म्हणाल्या, "मी इथूनच परत जाते. तू जा तुझ्या बेटावर. बोलाव त्यालाही." सकाळच्या फेरीलाही गेल्या नाहीत. मग मीही नाही. तंबूपुढे दोन खुर्च्या आहेत, त्यात बसून राहिलो. समोर गवत, लांबवर रानडुकरांची रांग, शेपट्या एरियलसारख्या ताठ. एरवी या दृश्यावर आम्ही पोट धरधरून हसलो असतो.

दुपारी अचानक विचारलं, "मी कुठे राहणार?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"सोपं विचारतेय. तू लग्न करणार. तुम्ही दोघं कुठे राहणार आणि मी कुठे राहणार?"

लिहायलाही लाज वाटते. हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता! चार महिने मी कुठे सांगू, कसं सांगू, किती वाजता सांगू, हेच घोकत होते. त्यांना कमी लागावं म्हणून! आणि ऐकल्यावर माणूस पहिलं काय विचारेल, याचा एकदाही विचार केला नाही. माझ्या मनात त्या होत्या तिथेच होत्या: स्वयंपाकघरात, सकाळचा चहा करत. खांबासारख्या. खांबाला कोण विचारतं?

"माहीत नाही," मी म्हटलं. "आई, खरंच माहीत नाही. मी विचारच केला नाही."

मला वाटलं, आता स्फोट. पण त्यांनी मान डोलावली. "हां. आत्ता खरं बोललीस." थोड्या वेळाने, "मी दोन दिवस काय काय मनात आणलं, सांगू? वृद्धाश्रम. मग एकटीचं घर. मग मी पडते, आणि तीन दिवस कुणाला कळत नाही. सगळा सिनेमा. त्या कुलूपवाल्याचा मला राग नाही गं. त्याचं तोंडसुद्धा मला आठवत नाही. मला भीती वाटली."

एवढी वर्षं एका छताखाली काढली, पण "मला भीती वाटली" हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी खुर्ची सरकवून जवळ घेतली. रडलो. आधी मी, मग त्या, मग पुन्हा मी.

मग नाक पुसून म्हणाल्या, "बरं, उद्या त्या बाईला फोन करायचाय ना? कुठलं बेट?"

"तुम्ही येणार?"

"सिंह बघून झाला. आता मला दुसरं काम काय?"

मी म्हटलं, बाजाराचं घेऊ, तुम्हाला चालायला सोपं, दवाखाना जवळ —

"मला काय सोपं ते विचारलं नाही. तुला सांगायला काय सोपं, तेही आता संपलं. तुला स्वतःला कुठलं हवंय?"

किती साधा प्रश्न! आयुष्यात घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा मी 'बघा तुम्हाला काय आवडतं' म्हणून ठरवलेला. पण मग ते चित्र डोळ्यांपुढे आलं, प्रवासवालीने खाली सरकवलेलं. मैलभर ओली वाळू आणि समुद्राची एक बारीक रेघ.

"ओहोटीचं," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते. पण समुद्र मागे गेला की त्याच्या तळावरून चालता येतं. मला समुद्राच्या तळावर चालायचंय."

सासूबाई हसल्या. "एवढंसं होतं! मग एवढे दिवस कशाला घोळत बसलीस?"

१४ जुलै, मंगळवार

छावणीच्या ऑफिसातून फोन केला. प्रवासवाली दोनदा म्हणाली, "नक्की ओहोटीचंच?" नक्की! मी बॅगा भरायला आले. सासूबाई ऑफिसातच रेंगाळल्या. म्हणाल्या, छावणीवाल्यांचे आभार मानायचेत.

१६ जुलै, गुरुवार

बेटावर आलो. बोट फक्त सोमवारी आणि गुरुवारी येते. लाकडी धक्का, पांढरी वाळू, माडांच्या मागे आमची खोली. अंगणात तीन कोंबड्या. उतरलो तेव्हा भरती होती. पाणी पायरीला लागलेलं, निळं, गडद. मला धडकीच भरली. सासूबाई म्हणाल्या, "थांब, जाईल तो."

आणि गेला! पाच-सहा तासांत सगळं आवरून निघून गेला, पाहुणे गेल्यासारखा. मागे ओली जमीन, शंख, डबकी, आडव्या पडलेल्या होड्या.

१७ जुलै, शुक्रवार

चाललो! सासूबाई काठी घेऊन, मी चपला हातात घेऊन. घोट्याएवढं कोमट पाणी. डबक्यांत बोटभर मासे. बायका शेवाळ गोळा करत होत्या, डोक्यावर टोपल्या. आम्हाला हात केला.

पुढे काय झालं, ते लिहायला हात शिवशिवतोय. एक खेकडा सासूबाईंच्या पायावरून गेला. त्या इतक्या जोरात हसल्या की कवळी बाहेर! डुबुक्! पाणी गढूळ झालं आणि ती दिसेनाशी. माझं बत्तीस वर्षांतलं उत्तम काम समुद्रार्पण! जादाची कवळी खोलीत आहे, हे मला आठवेचना. मी गुडघ्यांवर बसून चिखल चाचपू लागले. सासूबाई तोंडावर हात धरून काहीतरी सूचना देत होत्या, त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ. चार शेवाळवाल्या बायका धावून आल्या. काय हरवलंय हे मी त्यांना हातवारे करून सांगितलं. कळल्यावर त्या अशा हसल्या, अशा हसल्या की एकीला टोपली खाली ठेवावी लागली. शेवटी तिलाच सापडली! धुऊन, दोन्ही हातांवर ठेवून तिने सासूबाईंना दिली, बक्षीस द्यावं तशी.

आणि हे मला आत्ता, लिहिताना कळलं: त्या अर्ध्या तासात मी कमरेपर्यंत समुद्रात बसले होते. पाणी भरत आलेलं. भीती आठवलीसुद्धा नाही.

१९ जुलै, रविवार

आज चौकशी. अंगणात, कोंबड्यांना दाणे टाकत टाकत.

"हसतो कसा?"

"बरा हसतो."

"दात?"

"खालची उजवी दाढ नाही. बाकी स्वतःचे आहेत."

"म्हणजे तू पहिले दातच बघितलेस!"

"माझा धंदा आहे, आई."

"घोरतो का?" मी म्हटलं, मला काय माहीत! "माहिती काढायला नको? आणि मांसमच्छी? आणि सकाळी किती वाजता उठतो? चहा कसला लागतो, कडक की पातळ?" कडक, म्हटलं. त्यावर थोडा वेळ विचार केला. "कडक असेल तर ठीक आहे," म्हणाल्या.

कशासाठी ठीक, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२१ जुलै, मंगळवार

मी अजून ठरवलेलं नाही. तसं त्यांना सांगितलं. घरी गेलो की आधी आपण दोघी बसू, काय कसं जमेल ते बघू, आणि नाही जमलं तर नाही. मी कुणाला ताटकळत ठेवणार नाही, पण तुम्हाला बाजूला सारूनही काही करणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू," म्हणाल्या. नुसतंच "बघू." आणि गालातल्या गालात हसत कोंबड्यांकडे गेल्या.

इथे छाती भरून श्वास घेता येतो. काही ठरलेलं नाही आणि तरी जड वाटत नाही, असं कधी झालं होतं? दुपारी सासूबाईंनी मला उताणं तरंगायला लावलं. त्या स्वतः माहेरच्या नदीत शिकलेल्या. मानेखाली त्यांचा हात. "सोड अंग. सोड. धरलंय मी." चार श्वासांपुरती तरंगले!

२३ जुलै, गुरुवार

सकाळी उठून बघते तर सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून तयार. "चल धक्क्यावर. बोट यायची वेळ झाली." मी म्हटलं, आपण तर सोमवारी निघणार.

"निघायला नाही, आणायला. तंबूच्या ऑफिसातून मी तुझ्या कुलूपवाल्याला फोन केला होता, तू बॅगा भरत होतीस तेव्हा. नंबर तुझ्या मदतनिसेकडून काढला, ऑपरेटर होते मी. म्हटलं, तिला विचारलंस, ठीक केलंस. आता मला तुला एक विचारायचंय. तू माझ्याबरोबर राहशील का? फोनवर सांगू नकोस, समोर ये." मग काठी उचलली. "हो म्हणाला, येतो."

बोट दिसायला लागलीय.